लाइन गेली, भार कुणावर?

2022 चा एप्रिल महिना. कोळशाचा तुटवडा आणि उन्हाचा कहर एकदमच आला आणि राज्यात पुन्हा भारनियमन सुरू झालं, ते दिवस. मंगरूळपीरच्या आमच्या लहानशा समुपदेशन केंद्रात भर दुपारी एक बाई माझ्यासमोर बसली होती. तिशीच्या आतली. सोबत पाच वर्षांची मुलगी. याआधी दोनदा ती आली होती आणि 'काही नाही ताई, पाणी प्याले आली' असं म्हणून नुसतीच बसून गेली होती. तिसऱ्या खेपेला बोलायला लागली.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005 खाली घटना अहवाल द्यावा लागतो. त्यासाठी मी तिची हकीकत थेट लॅपटॉपवर उतरवून घेत होते. संस्थेला कुणीतरी दान दिलेला तो जुना लॅपटॉप. बाराच्या सुमारास लाइन गेली होती. आमच्या वऱ्हाडात वीज गेली असं कुणी म्हणत नाही, लाइन गेली म्हणतात. पण कोपऱ्यात बॅटरीचा आकडा 38 टक्के दिसत होता, म्हणून मी निर्धास्त होते. बाई तास-दीड तास बोलली. मध्ये रडली, थांबली, पुन्हा बोलली. मुलीला बाहेर पाठवून दोन गोष्टी अगदी हळू आवाजात सांगितल्या. मी टाइप करत होते. आणि पडदा एकदम काळा झाला.

तासाभराने लाइन आली. लॅपटॉप सुरू केला. फाइलमध्ये तीन ओळी होत्या. नाव, वय, पत्ता.

बाईने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि तिला कळलं. म्हणाली, "मले पयल्यापासून सांगा लागन का ताई?" मी काही बोलायच्या आत स्वतःच म्हणाली, "आज नोको. आज नाही जमत मले." मुलीचा हात धरला आणि उन्हातच निघून गेली.

ती परत आली, पण दोन महिन्यांनी. पुन्हा सगळं सांगितलं. त्या सांगण्यात हळू आवाजातल्या दोन गोष्टींपैकी एक नव्हती. मी ती ऐकलेली होती. पण तिने या वेळी सांगितली नाही, म्हणून मी ती लिहिली नाही. काय सांगायचं आणि काय नाही हा अधिकार तिचा आहे. तरी माझ्या मनातून तो प्रश्न जात नाही: पहिल्या दिवशी ती गोष्ट कागदावर उतरली असती, तर तिच्या अर्जाचं वजन वेगळं असतं का?

मैत्रिणींनो, हा लेख लॅपटॉपची वीज वाचवण्याबद्दल आहे. आपल्या अंकात हा विषय कुणाला क्षुल्लक वाटेल, कुणाला शहरी वाटेल. मलाही वाटला असता. पण त्या दुपारनंतर वाटत नाही.

दोष विजेचा की माझा?

पहिले काही दिवस मी विजेला दोष दिला. मग दान देणाऱ्याला दिला, की त्याने आपली अडगळ आमच्या माथी मारली. मग हळूहळू स्वतःकडे आले.

समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात आम्हाला मुलाखत घेण्याचं शास्त्र शिकवलं होतं. बाई गप्प बसली तर तिच्या गप्प बसण्याचा मान कसा राखायचा, समोर कसं बसायचं, नोंद कशी ठेवायची, गुप्तता कशी पाळायची, हे सगळं शिकवलं. पण नोंद ज्या यंत्रावर ठेवायची ते यंत्र किती वेळ जागं राहील, हे आपल्याला माहीत असायला हवं, असं कुणी म्हटलं नाही. मलाही कधी वाटलं नाही. ते 'टेक्निकल' काम होतं आणि त्यासाठी आमच्याकडे एक मुलगा यायचा.

तो मुलगा वाईट नव्हता. महिन्यातून एकदा यायचा, काहीतरी करायचा, पैसे घ्यायचा. जाताना सांगायचा, "मॅडम, सेटिंगला हात लावू नका, बिघडेल." आम्ही पाच शिकलेल्या बायका मान डोलवायचो. नंतर कळलं की लिहिलेलं आपोआप जतन होण्याची सोय त्यानेच बंद केली होती. यंत्र हळू चालतं अशी तक्रार आम्हीच केली होती. त्याने आम्हाला न विचारता उपाय केला आणि आम्हीही विचारलं नाही. लॅपटॉपचा मुख्य पासवर्डसुद्धा त्याच्याकडेच होता.

गावोगावी आपण बचत गटाच्या बायकांना सांगत फिरतो, की बँकेचं पासबुक स्वतःजवळ ठेवा, सही करण्याआधी वाचून घ्या, नवऱ्याला नाही तर मुलाला विचारू नका, साहेबाला विचारा. आणि आमच्या स्वतःच्या कपाटातल्या यंत्राची चावी मात्र एका परक्या पोराच्या खिशात होती. मोटारसायकल त्याची, ट्रॅक्टर त्याचा, टीव्हीचा रिमोट त्याचा. तसाच लॅपटॉपही. वापरायचा आपण, ताबा त्याचा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आयुष्यात कधीतरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रियांचं प्रमाण देशभरात 33.3 टक्के आणि पुरुषांचं 57.1 टक्के होतं. ती दरी अक्षरओळखीची नाही, ताब्याची आहे. आम्ही तर त्या 33 टक्क्यांतल्या होतो. यंत्र समोर असूनही ते आमच्या ताब्यात नव्हतं.

एका शनिवारी दार लावून

एका शनिवारी केंद्राचं दार लावलं आणि आम्ही पाचजणी त्या लॅपटॉपभोवती बसलो. एकीने एमएस-सीआयटी केलं होतं, पण परीक्षेनंतर सेटिंगमध्ये कधी शिरली नव्हती. एक आमची ज्येष्ठ सहकारी, सातवी शिकलेली, चळवळीत तीस वर्षं काढलेली. तिला इंग्रजी वाचता येत नाही, पण प्रश्न तीच नेमके विचारत होती. त्या दिवशी आणि पुढच्या काही आठवड्यांत जे शिकलो ते इथे लिहिते. तुमच्या संस्थेतही असंच एखादं यंत्र असेल.

पहिलं, पडदा. साध्या लिहिण्याच्या कामात लॅपटॉपची सर्वांत जास्त वीज बहुधा पडदाच खातो. उजेड अर्ध्यावर आणला तरी अक्षर नीट दिसतं आणि बॅटरी बरीच जास्त टिकते. आम्ही वर्षभर तो पूर्ण उजेडावर चालवत होतो.

दुसरं, 'बॅटरी सेव्हर'. विंडोजमध्ये ही सोय असते. नव्या विंडोज 11 मध्ये तिला 'एनर्जी सेव्हर' म्हणतात. आपण काही केलं नाही तर ती साधारण 20 टक्क्यांवर आपोआप सुरू होते. पण तो आकडा बदलता येतो, आणि आपल्याला हवं तेव्हा ती हातानेही सुरू करता येते. आम्ही आता लाइन गेली की पहिल्या मिनिटाला ती सुरू करतो, विसाची वाट बघत नाही.

इथे एक धोका आहे, तो नीट लक्षात ठेवा. ही सोय सुरू झाली की यंत्र पडद्यामागची कामं थांबवतं किंवा कमी करतं. इंटरनेटवरच्या साठ्यात फाइलची प्रत पाठवणं हेही त्यातलंच एक. म्हणजे आपल्याला वाटतं प्रत जाते आहे, आणि ती जात नसते. म्हणून बचतीवर काम करताना दर थोड्या वेळाने हाताने फाइल जतन करायची, कंट्रोल आणि एस दाबून, आणि शेवटी पेन ड्राइव्हवर एक प्रत घ्यायची. तो पेन ड्राइव्ह कपाटात, कुलपात.

तिसरं, 'स्लीप' आणि 'हायबरनेट' यांतला फरक. पडदा मिटला की बहुतेक लॅपटॉप स्लीपमध्ये जातात. स्लीपमध्ये आपलं काम तात्पुरत्या स्मृतीत असतं आणि ती जिवंत ठेवायला थोडी थोडी वीज लागतच राहते. आमच्या ज्येष्ठ सहकारीने ते चटकन पकडलं. म्हणाली, "म्हणजे राखेखाली इंगळ झाकून ठेवल्यावानी. इंगळ इझला का सपलं." अगदी तसंच. बॅटरी संपली की न जतन केलेलं काम गेलं. हायबरनेटमध्ये यंत्र सगळं काम डिस्कवर उतरवून ठेवतं आणि मग पूर्ण बंद होतं. वीज लागत नाही. दोन दिवसांनी लाइन आली तरी काम होतं तिथेच सापडतं. ही सोय पुष्कळदा यादीत दिसतच नाही. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवरच्या पर्यायांत जाऊन, बटण दाबल्यावर यंत्राने काय करावं हे ठरवायची जागा आहे, तिथून ती दिसेल अशी करावी लागते. आम्ही झाकण मिटलं की हायबरनेट व्हावं असं करून ठेवलं आहे.

चौथं, बॅटरीचा आकडा खोटं बोलतो. लिथियम बॅटरी म्हातारी झाली की यंत्राचा अंदाज चुकतो. तीस-पस्तीस टक्के दाखवता दाखवता ती एकदम मान टाकते. त्या दुपारी हेच झालं. एरवी विंडोज बॅटरी अगदी तळाला गेली की सगळं जतन करून स्वतः बंद होतं, पण आकडाच चुकीचा असेल तर त्याला ती संधी मिळत नाही. विंडोजमधून बॅटरीचा अहवाल काढता येतो. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता असे दोन आकडे असतात. आमच्या लॅपटॉपची क्षमता निम्म्याहून कमी उरली होती. दान घेताना तो अहवाल मागायला हवा होता. आता कुणी यंत्र देऊ म्हटलं तर आम्ही मागतो. दान आहे म्हणून गप्प बसत नाही.

बॅटरी म्हातारी होते ती उष्णतेने, आणि सतत शंभर टक्के भरलेली राहिल्यानेही. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो आणि वर टिनाचं छत. लॅपटॉप गादीवर, कापडावर ठेवायचा नाही. खालची हवा कोंडते. पुष्कळ कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये 80 टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असते, ती रोजच्यासाठी चांगली. मात्र भारनियमनाची वेळ ठाऊक असेल तर त्या दिवशी पूर्ण भरून घ्यावी. बॅटरीच्या आयुष्यापेक्षा समोर बसलेल्या बाईचा दिवस मोठा.

पाचवं, गुप्तता. पडदा तीन मिनिटांत आपोआप बंद व्हावा आणि पुन्हा उघडताना पासवर्ड मागितला जावा, असं आम्ही केलं आहे. यात वीज वाचते, पण मुख्य म्हणजे बाईची हकीकत वाचते. केंद्रात कधी नवरा तरातरा आत येतो, कधी दीर, कधी गावचा पुढारी. एखादी बाई पाणी प्यायला उठली आणि तिचा मजकूर पडद्यावर तसाच उघडा राहिला, तर काय होऊ शकतं हे तुम्हाला मी सांगायला नको. पासवर्ड आता दोघींकडे आहे, आणि दोघीही आमच्यातल्याच.

बचत कुणी करायची?

इथपर्यंत लेख हिशेबाचा झाला. आता मतभेदाचा.

2022 च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने 'मिशन लाइफ' नावाची पर्यावरण मोहीम सुरू केली. नागरिकांनी करायच्या 75 गोष्टींची यादी त्यात आहे. त्यात एक गोष्ट आहे, आपली इलेक्ट्रॉनिक उपकरणं ऊर्जा-बचतीच्या पद्धतीवर ठेवा. त्याच यादीत आहे, की इतर भांड्यांपेक्षा प्रेशर कुकर वापरा. एसी 24 अंशांवर ठेवा. ट्रेडमिलवर धावण्यापेक्षा बाहेर धावा. एका शिबिरात ही यादी वाचून दाखवली तेव्हा बायका ट्रेडमिलला खूप हसल्या. एक म्हणाली, "आमी त पाण्याच्या मांगं रोजच धावतो."

यादीतलं काहीच चुकीचं नाही. पण ती लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असलेलं घर वेगळं आहे. त्या घरात चोवीस तास वीज आहे आणि ती उधळली जाते. संगणकाची वीज-बचत जन्माला आली तीच अशा घरातून. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने 1992 मध्ये 'एनर्जी स्टार' ही खूण आणली आणि ती पहिल्यांदा लावली संगणकांवर आणि त्यांच्या पडद्यांवर, कारण कार्यालयांत कुणी नसताना रात्रभर यंत्रं चालू राहत होती. भरल्या घरातली नासाडी थांबवण्याची ती युक्ती. आमच्या हाती ती आली तेव्हा काम बदललं. आम्ही ती टंचाईत जगण्यासाठी वापरतो.

थोडा हिशेब करू. साध्या कामात आमचा लॅपटॉप 40 वॉट धरा. रोज सहा तास, महिन्याचे 25 दिवस, म्हणजे महिन्याला सहा युनिट. बचत करून त्यातलं एखाददुसरं युनिट वाचेल. एखाद्या साहेबांच्या खोलीतला दीड टनाचा एसी साधारण दीड हजार वॉटचा. तो पूर्ण ताकदीने चालला तर सहा तासांत नऊ युनिट खातो. आमच्या दीड महिन्याच्या लॅपटॉपइतकी वीज एका दिवसात. म्हणून मी माझ्या बायकांना असं सांगणार नाही, की लॅपटॉपची वीज वाचवून तुम्ही देश वाचवाल. मी एवढंच सांगेन, की लाइन गेल्यावर तुमच्या हातातलं काम वाचेल. हे दोन वेगळे हेतू आहेत, त्यांची सरमिसळ नको.

भारनियमन हा शब्दच बघा. भार कमी केला जातो असं तो म्हणतो. तारेवरचा भार कमी होतो हे खरं. पण तो जातो कुठे? नळयोजनेचा पंप थांबतो, भार बाईच्या डोक्यावरच्या हंड्यात येतो. पिठाची गिरणी थांबते, दळणाचा डबा घेऊन दुसरी खेप तिची. मिक्सर थांबतो, पाटा-वरवंटा निघतो. पंखा थांबतो, रात्रभर लेकराला पदराने वारा घालणारी तीच. शेतीपंपाला वीज पाळीने मिळते. पाळी रात्रीची असली की नवरा पाणी द्यायला वावरात आणि ही घरी उंबरठ्यावर जागी. शेतकऱ्याच्या पंपाशी माझं भांडण नाही, त्या पाण्यावर तिचंही घर चालतं. पण तारेवरून उतरवलेला भार कुठे नोंदला जात नाही, ही माझी तक्रार आहे. वीज किती वाचली याचा आकडा निघतो. त्या दिवसात बायकांनी किती तास जास्त काम केलं याचा निघत नाही.

लॅपटॉपची बचत सुरू झाली की पडद्यामागची कामं आधी थांबतात, हे मी वर लिहिलं. घराचं उलट आहे. टंचाई आली की घरातली पडद्यामागची कामं थांबत नाहीत, वाढतात, कारण ती करणारी बाई आहे. दिवाळीच्या आधी तेल कमी पडलं, पावसाआधी सोयाबीनच्या बियाण्याला पैसे कमी पडले, दवाखान्याचा खर्च निघाला, की प्रत्येक वेळी 'जरा सांभाळून घे' हे तिलाच सांगितलं जातं. ती कमी जेवते, कमी झोपते, औषध पुढे ढकलते. यंत्राची बचत आपण बटण दाबून बंद करू शकतो. हिची बचत कुणी सुरू केली आणि कधी बंद होणार, हे तिला कुणी विचारत नाही. म्हणून 'वीज वाचवा' हा निरोप घेऊन बायकांकडे जाताना माझी जीभ अडखळते.

अंधार हीसुद्धा हिंसा

आणखी एक गोष्ट, जी त्या बाईच्या हकीकतीत होती आणि दुसऱ्या वेळीही तिने सांगितली. नवऱ्याने तिला मागच्या खोलीत वेगळं काढलं होतं आणि त्या खोलीचं बिल भरणं बंद केलं होतं. कनेक्शन तुटलं. चार महिने ती आणि मुलगी चिमणीच्या उजेडात राहत होत्या. घरच्यांचं म्हणणं होतं, की मारलं थोडंच? बिलच नाही भरलं.

या कायद्याच्या नियमांबरोबर घटना अहवालाचा जो नमुना आहे, तो तुमच्यापैकी अनेकींनी भरला असेल. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक, आर्थिक अशी हिंसेची सदरं त्यात आहेत. आर्थिक हिंसेच्या यादीत विजेसारखी बिलं न भरणं हे स्पष्ट लिहिलेलं आहे. आपण पुष्कळदा मारहाणीचं सदर भरतो आणि पुढे सरकतो, आर्थिक सदर घाईत राहून जातं. ते राहू देऊ नका. ज्या देशाच्या कायद्याने बाईला अंधारात ठेवणं हिंसा मानलं, त्या देशात वीज ही नुसती सोय उरत नाही.

मग माझ्या मनात पुढचा प्रश्न येतो. घरात एका नवऱ्याने वीज तोडली तर ती हिंसा. ज्या फीडरवर वीजगळती जास्त आणि वसुली कमी, त्या फीडरवर भारनियमन जास्त, ही पद्धत राज्यात वापरली गेली आहे; त्यासाठी ए पासून जी पर्यंत फीडरांचे गट पाडले गेले. आकडे टाकणारा वेगळा, बिल थकवणारा वेगळा, आणि अंधार सगळ्या वस्तीला. त्या वस्तीतली जी बाई मजुरीतून पैसे बाजूला काढून वेळेवर बिल भरते, तिने काय करायचं? याला हिंसा म्हणा की म्हणू नका, पण न्याय तरी म्हणता येत नाही.

वहीच बरी, असं म्हणणाऱ्यांना

आमच्यातच यावर वाद झाला. ज्येष्ठ सहकारी म्हणाली, "वही घ्या. वहीची लाइन जात नाही." तिचं म्हणणं मी हसण्यावारी नेलं नाही. तीस वर्षांची चळवळ तिने वहीवर चालवली आहे आणि तिच्या वह्यांतली प्रत्येक तारीख आजही सापडते.

पण दुसरी बाजूही आहे. कायद्याने सांगितलं आहे, की अर्ज आल्यावर पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागावी आणि अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा. प्रत्यक्षात काय होतं ते आपण जाणतो. त्यात आपल्याकडून उशीर होऊ नये, म्हणून स्वच्छ, वाचता येणारी, लगेच छापून देता येणारी हकीकत हवी. प्रती हव्यात. एकाच बाईच्या तीन वर्षांच्या नोंदी एका जागी हव्यात. हे काम यंत्र चांगलं करतं. शिवाय यंत्र सोडून वहीकडे परत जायचं ठरवलं, तर यंत्र त्या मुलाकडेच राहील आणि आपण आणखी दहा वर्षं त्याची वाट बघू.

शेवटी आम्ही दोन्ही ठेवलं. समोर बसून बोलताना वहीच. तारीख, जागा, कोण होतं, काय झालं, तिच्या शब्दांत. बाई बोलत असताना मध्ये पडदा नको, तिच्या डोळ्यांकडे बघता यायला हवं, हेही त्यातून कळलं. ती गेल्यावर, त्याच दिवशी, लॅपटॉपवर उतरवायचं. लाइन नसेल तर बचतीवर. छापून तिला वाचून दाखवायचं, आणि मगच सही.

मागणं

संस्थांकडे आणि निधी देणाऱ्यांकडे माझं मागणं साधं आहे. यंत्र देता तेव्हा बॅटरी तपासून द्या, आणि जमलं तर एक लहान इन्व्हर्टर किंवा सौर पॅनेल द्या. प्रशिक्षण देता तेव्हा नुसतं टाइपिंग शिकवू नका. सेटिंग शिकवा, तेही मराठीतून, आणि कार्यालयातल्या सगळ्या बायकांना. शासनाकडे मागणं असं, की बायकांचे जबाब, अर्ज, नोंदी जिथे लिहिल्या जातात त्या केंद्रांना दवाखान्यासारखं माना. तिथली वीज शेवटी तोडा.

आपल्या गटांकडे मागणं आणखी साधं. पुढच्या बैठकीत एकच प्रश्न विषयपत्रिकेवर घ्या: आपल्या लॅपटॉपचा पासवर्ड कुणाकडे आहे? उत्तर 'त्या मुलाकडे' असं आलं, तर बैठक तिथूनच सुरू करा.

त्या बाईला अंतरिम पोटगी आणि राहत्या घरातला हक्क मिळाला. बाकी प्रकरण चालू आहे. खोलीत आता मीटर आहे आणि बिल तिच्या नावाने येतं. मागच्या वेळी आली तेव्हा तिने ते बिल मला दाखवलं आणि विचारलं, "ताई, हे एवढं युनिट कायचं आलं?" आम्ही दोघी बसून मोजत राहिलो. एक बल्ब, एक पंखा, आणि मुलीच्या अभ्यासासाठी रात्री उशिरापर्यंत जळणारा दुसरा बल्ब. मी म्हटलं, पंखा निघताना बंद करत जा. दुसऱ्या बल्बाबद्दल मी काही बोलले नाही. तो बल्ब वाचवायचा नाही.